नगरातील सार्वजनिक कला आणि मांडणशिल्पांचे संयोजन : जागा, काळ आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना

कलादालनात चित्र किंवा शिल्प पाहणारा रसिक तेथे स्वेच्छेने गेलेला असतो. कृती आवडली नाही, तर तो बाहेर पडू शकतो. नगराच्या चौकात, रेल्वेस्थानकाच्या आवारात किंवा बंदराच्या धक्क्यावर उभी केलेली कलाकृती मात्र तिच्याकडे पाहण्याची इच्छा नसलेल्यांच्याही वाटेत येते. कामावर निघालेला कारकून, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, शाळेतून परतणारी मुले, पदपथावरचा विक्रेता हे सर्व तिचे प्रेक्षक होत. परंतु प्रेक्षक होण्यास त्यांपैकी कोणीही संमती दिलेली नसते. सार्वजनिक कलेचे सामर्थ्य आणि तिच्यापुढील अडचण या दोहोंचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

समकालीन कलेत दगड, धातू आणि रंग यांच्या जोडीने प्रकाश, ध्वनी, टाकाऊ वस्तू, माणसांचा वावर आणि खुद्द जागा हीदेखील कृतीची सामग्री ठरली आहे. अशा रचनेसाठी मराठीत ‘मांडणशिल्प’ हा शब्द आता स्थिरावला आहे. कोणती कृती, कोठे, किती दिवस आणि कोणाच्या जबाबदारीवर मांडावी हे ठरविणाऱ्या व्यक्तीस क्युरेटर म्हटले जाते. वस्तुसंग्रहालयाच्या संदर्भात त्यासाठी ‘अभिरक्षक’ हा पर्याय वापरला जातो. प्रस्तुत लेखात नगरातील कलेच्या संदर्भात ‘कलासंयोजक’ हा शब्द योजिला आहे. क्युरेटर या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ काळजी घेणे असा आहे, ही बाब पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

नगरातील कलेच्या संयोजनात कृतीची निवड हा तुलनेने लहान भाग असून जागा, काळ आणि उत्तरदायित्व यांविषयीचे निर्णय अधिक मूलभूत असतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी प्रथम न्यूयॉर्क, म्युन्स्टर आणि लंडन येथील तीन सुपरिचित उदाहरणांचा परामर्श घेतला असून त्यांच्या प्रकाशात मुंबईच्या अनुभवाचा विचार केला आहे.

कलासंयोजनाचे प्रत्यक्ष स्वरूप

कलादालनातील संयोजकाला जागा तयार मिळते. भिंती पांढऱ्या असतात, प्रकाश नियंत्रित असतो, दार रात्री बंद होते. नगरात यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही. तेथील कामाचा आरंभ जागेच्या अभ्यासाने होतो. त्या जागेवर सकाळी, दुपारी आणि रात्री कोण असते, तिचा दैनंदिन उपयोग काय आहे, जमिनीखालून जलवाहिन्या व वीजतारा कोठून जातात, पावसाचे पाणी कोठे साचते, वारा किती असतो, ही माहिती हाती आल्याशिवाय कलावंताला निमंत्रण देणे व्यर्थ ठरते. ‘स्थलनिष्ठ’ कृती म्हणजे जिचा अर्थ तिच्या जागेवाचून पूर्ण होत नाही अशी कृती. ती कार्यशाळेतून तयार करून आणता येत नाही. कलावंताने त्या जागी येऊन, राहून, पाहून तिची कल्पना करावी लागते.

त्यानंतर परवानग्यांचा टप्पा येतो. मुंबईसारख्या महानगरात एकाच परिसरातील जमीन महानगरपालिका, बंदर प्राधिकरण, रेल्वे, राज्यशासन आणि खासगी मालक यांच्यात विभागलेली असते. वाहतूक पोलीस, अग्निशमन दल आणि वारसा परिसर असल्यास वारसा संवर्धन समिती यांचाही संबंध येतो. कृती उभी राहील की नाही हे संरचना अभियंत्याला सांगावे लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि चार महिन्यांचा पाऊस रंग, कापड व विजेची जोडणी यांची कसोटी पाहतो. म्हणूनच मुंबईतील बहुतेक खुले कलाप्रकल्प नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात. याखेरीज कृतीजवळच्या फलकावरील मजकूर कोणत्या भाषेत असावा, तेथे माहिती सांगणारा मनुष्य असावा की नसावा, रात्री राखण कोणी करावी आणि शेवटी कृती कोणी, केव्हा व कोणाच्या खर्चाने उतरवावी, हेही संयोजनाचेच प्रश्न होत. उद्घाटनाच्या दिवशी संयोजकाचे निम्मे कामच झालेले असते.

‘टिल्टेड आर्क’ : संमतीचा प्रश्न

सार्वजनिक कलेच्या चर्चेत रिचर्ड सेरा यांच्या ‘टिल्टेड आर्क’ या शिल्पाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. अमेरिकेच्या संघशासनाच्या इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याने शासकीय वास्तूंमधील कलेच्या योजनेअंतर्गत १९७९ मध्ये हे काम सेरा यांच्याकडे सोपविले. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागातील फेडरल प्लाझा या चौकात १२० फूट लांब, १२ फूट उंच आणि अडीच इंच जाडीची, किंचित कललेली पोलादी वक्र भिंत उभी राहिली. तिच्यामुळे चौक सरळ ओलांडता येईनासा झाला. आपली चाल आणि आपली जागा यांची जाणीव पादचाऱ्याला व्हावी, हाच कलावंताचा हेतू होता.

तेथील कार्यालयांत काम करणाऱ्या अनेकांना ती जाणीव नकोशी झाली. मार्च १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्या १८० जणांपैकी १२२ जणांनी शिल्प ठेवावे असे मत दिले, तर ५८ जणांनी हटवावे असे सांगितले. तरीही सुनावणी मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी ते हटविण्याची शिफारस केली. कृती त्या जागेसाठीच घडविलेली असल्याने तिला हलविणे म्हणजे नष्ट करणे होय, अशी सेरा यांची भूमिका होती. न्यायालयीन लढा अयशस्वी ठरल्यावर १५ मार्च १९८९ च्या रात्री शिल्पाचे तुकडे करून ते गोदामात ठेवण्यात आले.

या प्रकरणातील दोन्ही पक्षांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. शिल्पाला विरोध करणाऱ्यांना केवळ कला न कळणारे म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु दररोज त्या भिंतीला वळसा घालणाऱ्यांशी ती उभी राहण्यापूर्वी पुरेसा संवाद झाला नाही, हेही खरे आहे. दुसरीकडे, शासनानेच कायमस्वरूपी म्हणून घेतलेली कृती आठ वर्षांत तोडणे हा कलावंताशी केलेल्या कराराच्या आशयाचा भंग होता. संमती मिळविण्याचे काम सुनावणीच्या टप्प्यावर नव्हे, तर संकल्पनेच्या टप्प्यावर करावयाचे असते, हा या घटनेचा धडा होय.

भारतातही याच्याशी नाते सांगणारे प्रकरण घडले आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून भांडारात टाकण्यात आले आणि त्यात त्याची हानी झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ चा आधार घेऊन कलावंताचा नैतिक अधिकार मान्य केला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आदेश दिला आणि पाच लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. कृती विकत घेतली म्हणजे तिचे वाटेल ते करण्याचा अधिकार मिळत नाही, हे तत्त्व या निकालाने भारतात ठळकपणे प्रस्थापित केले. मात्र न्यायालयाचे संरक्षण हानी झाल्यानंतरचे असते. हानी होऊ नये याची तजवीज संयोजनातच करावी लागते.

म्युन्स्टर : काळ हे संयोजनाचे साधन

न्यूयॉर्कमध्ये विरोधाचा शेवट कृती हटविण्यात झाला. जर्मनीतील म्युन्स्टर या शहरात मात्र विरोधातून एका दीर्घकालीन प्रयोगाचा जन्म झाला. १९७० च्या दशकात अमेरिकी शिल्पकार जॉर्ज रिकी यांचे फिरत्या चौकोनांचे शिल्प शहरात बसविण्यावरून तेथे मोठा वाद झाला. लोकांना आधुनिक शिल्पकला समजावून सांगण्याची गरज ओळखून क्लाउस बुसमान यांनी १९७७ मध्ये प्रदर्शन योजिले आणि त्यातील खुल्या जागांवरील भागाचे संयोजन कास्पर कोनिग यांच्याकडे आले. ‘स्कल्प्टूर प्रोयेक्टे’ या नावाने हा उपक्रम तेव्हापासून दर दहा वर्षांनी, म्हणजे १९८७, १९९७, २००७ आणि २०१७ मध्ये झाला. २०२४ मध्ये निधन झालेले कोनिग या पाचही पर्वांशी निगडित होते.

या उपक्रमाची पद्धत साधी आहे. कलावंताला शहरात बोलावले जाते, तो स्वतः हिंडून जागा निवडतो आणि त्या जागेसाठी प्रस्ताव देतो. कृती उन्हाळ्याचे काही महिने राहते. त्यानंतर बहुतेक कृती उतरविल्या जातात आणि थोड्या शहरासाठी विकत घेतल्या जातात. याप्रमाणे आज तीसहून अधिक कृती म्युन्स्टरमध्ये कायमच्या राहिल्या आहेत. त्या राहिल्या याचे कारण लोकांनी त्यांच्यासोबत एक ऋतू काढला आणि मग निर्णय झाला. १९७७ मध्ये क्लेस ओल्डेनबर्ग यांनी तळ्याकाठी ठेवलेले काँक्रीटचे प्रचंड गोळे तळ्यात लोटून देण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांनी केला होता; आज तेच गोळे शहराची ओळख बनले आहेत.

काळाचा असा वापर काही कृतींच्या अंतरंगातही उतरला आहे. मायकेल ॲशर यांनी १९७७ मध्ये एक साधी प्रवासी गाडी, म्हणजे कॅराव्हॅन, दर आठवड्याला शहरातील वेगळ्या ठिकाणी उभी केली. पुढील तीन पर्वांत ती त्याच ठिकाणांवर पुन्हा उभी करण्यात आली. ज्या ठिकाणी इमारती झाल्या किंवा रस्ते बदलले, तेथील आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये राहिली. एका सामान्य वाहनाने तीस वर्षांतील नगरबदलांची नोंद केली. ब्रूस नाऊमन यांनी १९७७ साठी सुचविलेली जमिनीत खोल जाणारी चौकोनी रचना तेव्हा होऊ शकली नाही, ती २००७ मध्ये साकार झाली. रेबेका हॉर्न यांनी १९८७ मध्ये ‘झ्विंगर’ या जुन्या बुरुजात मांडणशिल्प केले. नाझी राजवटीत तेथे कैद्यांना ठेवून ठार मारण्यात आले होते. भिंतींवर मंद ठोके देणाऱ्या लहान हातोड्यांमुळे शहराने बंद करून ठेवलेली ती वास्तू पुन्हा त्याच्या स्मृतीत आली. २०१७ मध्ये आयशे एर्कमन यांनी बंदरातील पाण्याच्या पृष्ठभागाखाली पायवाट बांधली आणि विकसित व औद्योगिक अशा दोन काठांमध्ये लोक पाण्यावरून चालत जाऊ लागले. प्रदर्शन संपले, पायवाट निघाली. दोन काठ जोडता येतात ही कल्पना मात्र शहराजवळ राहिली.

लंडन : स्थिर चौथरा, बदलती कृती

लंडनच्या ट्रफाल्गार चौकातील चौथा चौथरा १८४१ मध्ये चौथ्या विल्यम राजाच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला गेला. पैशांअभावी तो रिकामाच राहिला. १९९९ पासून तेथे समकालीन कृती आळीपाळीने मांडल्या जात आहेत. २००५ मध्ये मार्क क्विन यांनी अपंग कलावंत ॲलिसन लॅपर यांचे गर्भवती अवस्थेतील संगमरवरी शिल्प तेथे ठेवले, तेव्हा सेनानींच्या पुतळ्यांनी वेढलेल्या चौकात वीरत्व कशाला म्हणावे हा प्रश्न आपोआप उपस्थित झाला. २००९ मध्ये अँटनी गॉर्मली यांनी शंभर दिवस, प्रत्येकी एक तास, अशा २,४०० सामान्य नागरिकांना चौथऱ्यावर उभे केले. जागेचा मान स्थिर आणि तिच्यावरील हक्क फिरता, हे या योजनेचे सूत्र होय.

मराठी समाजाला हे सूत्र अपरिचित नाही. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव रूढ झाल्यापासून चौक तोच, मंडळ तेच, आरास मात्र दर वर्षी नवी, हा क्रम आपण पाहत आलो आहोत. देखाव्याचा विषय, वर्गणी, परवाना, रात्रीचा पहारा आणि विसर्जनानंतर मांडव उतरविणे, या सर्वांची जबाबदारी कोणाची हे वस्तीत प्रत्येकाला ठाऊक असते. श्रद्धेचा उत्सव आणि समकालीन कला यांची प्रयोजने भिन्न आहेत. तथापि तात्पुरत्या सार्वजनिक मांडणीचे व्यवस्थापन समाजाने स्वतः करण्याची येथे दीर्घ परंपरा आहे, हे कलासंयोजकाने विसरू नये.

मुंबईचा अनुभव

मुंबईच्या काळा घोडा परिसराचे नावच एका अनुपस्थित शिल्पावरून आले आहे. प्रिन्स ऑफ वेल्स असतानाच्या सातव्या एडवर्डचा, जोसेफ एडगर बोम यांनी घडविलेला अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून १८७९ मध्ये तेथे उभारला गेला. १९६५ मध्ये तो हटवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. पुतळा गेला, स्वार विस्मरणात गेला, घोड्याचे नाव मात्र लोकांनी जपले. २०१७ मध्ये त्याच परिसरात स्वार नसलेल्या घोड्याचे नवे शिल्प उभे राहिले. राजसत्तेचे चिन्ह वगळून लोकांनी दिलेले नाव तेवढे साकार करण्याचा हा निर्णय संयोजनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवाने जहांगीर कलादालनालगतचा रस्ता नऊ दिवसांसाठी पादचाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा पायंडा पाडला. प्रवेश विनामूल्य असल्याने कधीही कलादालनाची पायरी न चढलेले लोक तेथे मांडणशिल्पांसमोर उभे राहतात. त्याचबरोबर नऊ दिवसांच्या गर्दीत कृती छायाचित्राची पार्श्वभूमी होऊन जाते आणि प्रायोजकाची पाटी कधी कृतीशी स्पर्धा करू लागते, हीही त्याची बाजू आहे. एवढ्या अल्प काळात कृती आणि जागा यांचा परस्परांशी परिचय होणे कठीण असते.

याउलट ज्या कृतींना दीर्घ आयुष्य लाभते, त्या बहुधा मर्यादित प्रवेशाच्या जागी असतात. राजीव सेठी यांच्या संयोजनाखाली २०१४ मध्ये मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ मध्ये साकारलेली, सुमारे तीन किलोमीटर लांबीची ‘जय हे’ ही कलाभिंत देशभरातील कारागिरी एकत्र आणते. परंतु ती पाहण्यासाठी विमानाचे तिकीट लागते. सुदर्शन शेट्टी यांची पंख फुटलेली दुमजली बस २०१२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील एका खासगी व्यापारी आवारात आली. शहराच्या सामुदायिक प्रवासाचे प्रतीक खासगी आवारात विसावले, यातील विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

ससून गोदीतील प्रकल्पाने वेगळा मार्ग धरला. १८७५ मध्ये खुली झालेली ही गोदी आजही मासळीचा मोठा बाजार आहे. पहाटेचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, कोळंबी सोलणाऱ्या स्त्रिया आणि वास हे तेथील जीवन होय. २०१७ च्या अखेरीस ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने तेथील जुन्या गोदामात मांडणशिल्पे आणि भित्तिचित्रे मांडली. फ्रेंच कलावंत जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमाअंतर्गत गोदीतील माणसांची मोठी कृष्णधवल छायाचित्रे भिंतींवर आली. ज्यांच्या श्रमावर शहराचे ताट भरते, त्यांचे चेहरे शहराने प्रथमच एवढ्या मोठ्या आकारात पाहिले असावेत. चालत्या बाजारात प्रदर्शन मांडणे म्हणजे कामाच्या वेळा आणि पाहण्याच्या वेळा यांचा मेळ घालणे होय. अशा प्रकल्पाचे मूल्यमापन किती प्रेक्षक आले एवढ्यावर थांबू नये. प्रदर्शन उतरल्यावर गोदीतील लोकांच्या हाती काय उरले, हाही त्याचा निकष असला पाहिजे.

या सर्व प्रयत्नांमागे एक कायदेशीर चौकटही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली. रहदारीच्या आणि राजकीय स्पर्धेच्या दृष्टीने हा आदेश इष्टच होता. दिवे, वाहतूक सुविधा आणि रस्त्यांचे सुशोभीकरण यांना मात्र त्यातून वगळण्यात आले. परिणामी रस्त्यालगतच्या समकालीन कृतीला प्रवेशाचे जे दार सर्वांत सुलभ आहे, ते ‘सुशोभीकरण’ या शीर्षाचे आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई महानगरपालिकेने हाती घेतलेल्या सुशोभीकरण प्रकल्पात भिंतींची रंगरंगोटी, रोषणाई, पदपथ आणि उड्डाणपुलांखालच्या जागा यांचा समावेश होता. शहर नीटनेटके दिसावे ही अपेक्षा रास्त आहे. परंतु कलेकडे केवळ सुशोभन म्हणून पाहिले की निविदा, दर आणि क्षेत्रफळ यांत तिचा हिशेब होतो. जागेचा अभ्यास, कलावंताचे वास्तव्य आणि नागरिकांशी संवाद यांसाठी अंदाजपत्रकात रकाना उरत नाही. प्रश्न विचारणारी किंवा दुःखाची आठवण ठेवणारी कृती या शीर्षाखाली बसणे अवघडच असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक जागेत संमती ही उद्घाटनापूर्वीची प्रक्रिया आहे. संमती म्हणजे कृतीच्या आशयावर बहुमत घेणे नव्हे. त्या जागेचा रोज उपयोग करणाऱ्यांना काय होणार, किती काळ राहणार आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे आधी कळणे होय. दुसरी, कृतीचा कालावधी हा संयोजनाचा गाभा आहे. आधी तात्पुरती मांडणी आणि अनुभवांती कायमस्वरूपाचा निर्णय, हा म्युन्स्टरचा क्रम आपल्याकडील उत्सवपरंपरेलाही मानवणारा आहे. तिसरी, प्रत्येक कृतीच्या करारात देखभाल, दुरुस्ती आणि उतरविण्याच्या अटी, तसेच कलावंतास आगाऊ सूचना देण्याचे कलम असले पाहिजे. चौथी, महानगरपालिकेच्या स्तरावर कलावंत, नगररचनाकार, अभियंते आणि स्थानिक रहिवासी यांचा समावेश असलेली स्थायी व्यवस्था असावी आणि सार्वजनिक कलेसाठी सुशोभीकरणापासून वेगळे शीर्ष असावे. पाचवी, फलकावरील मजकूर त्या वस्तीची भाषा बोलणारा असावा. मुंबईत मराठी मजकूर हा शिष्टाचार नसून संवादाची पहिली अट आहे.

नगरातील मोकळी जागा दिवसेंदिवस आकुंचन पावत आहे. तिच्यावर जाहिरात, वाहन आणि बांधकाम यांचा दावा आहेच. कलेने त्यात आणखी एक दावेदार म्हणून उतरावे, हे तिच्या प्रयोजनाशी विसंगत ठरेल. जागा सर्वांची आहे याची आठवण ज्या कृतीमुळे ताजी होते, ती अल्पकाळ राहिली तरी तिचे प्रयोजन सिद्ध होते. तिला त्या जागी आणणाऱ्याने ती असेपर्यंत तिची आणि ती गेल्यावर त्या जागेची काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा क्युरेटर या शब्दाच्या मूळ अर्थात सामावलेली आहे.